ओताच्या तीन कुंड्या

माझी मुलगी रादाना शाळेत उपमुख्याध्यापिका आहे, त्यामुळे तिला प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची सवय आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात, कॉफीच्या मशीनला टेकून तिनं मला सांगितलं, "आई, बाबांना आता काही कळत नाही." आणि लगेच पुन्हा, "काही म्हणजे काहीही कळत नाही."

"परवा सूपमध्ये मीठ नव्हतं, तेव्हा वाटी कुणी ढकलली? मी?"

"ते आपोआप होतं गं. शरीराची सवय."

"मग लग्नाआधीपासून त्याचं सगळं आपोआपच होतंय म्हणायचं."

ती हसली नाही. सप्टेंबरअखेरीला ओता, माझा नवरा, स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता खाली बसला तो बसलाच. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. क्लाद्नो गावच्या पोलाद कारखान्यात तीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणारा, रेडिओवरच्या बातम्यांशी वाद घालणारा माणूस, त्याच्याकडे एकच शब्द उरला, आणि नशीब बघा, तो नेमका "च्यायला" होता. डॉक्टरीण म्हणाली, असं होतं, शिवी मेंदूच्या वेगळ्या कप्प्यात असते, ते बोलणं धरायचं नाही. तिनं नाही धरलं. मी धरत होते. तो एका शब्दात तहान लागलीय, झोप आलीय, ही नर्स मला आवडत नाही आणि तू आलीस बरं झालं, एवढं सगळं सांगायचा. ऐकणाऱ्याला कान पाहिजेत.

रादानाचं सगळं ठरलं होतं. तिच्या गावाजवळ एक वृद्धाश्रम आहे, स्वच्छ, बाग वगैरे. दोन जानेवारीला तिथे एक पलंग रिकामा होणार होता. बाबांचा कायमचा पत्ता तिकडचा करायचा, म्हणजे औषधं, पेन्शन सगळं सुरळीत. आश्रमाच्या बाई बावीस तारखेला येऊन ओताला भेटणार, चार प्रश्न विचारणार. त्याला उत्तरं देता आली तर त्याची संमती, नाही तर माझी. मी तोवर प्रत्येक वेळी "बघू" म्हणत होते.

"आणि आई, एकदा पत्ता बदलला की ती झाडं," रादाना आवाज खाली आणून म्हणाली. "कायदा माणशी तीन म्हणतो. घरात तू एकटी उरशील. सहा ठेवता येणार नाहीत."

"मी एकटी उरणार हे कुणी ठरवलं?"

"बाबांची तीन काढून टाक. मी शाळेत काम करते. उद्या कुणी म्हटलं, उपमुख्याध्यापिकेच्या आईकडे बेकायदा गांजा आहे, तर? आणि तोही माझ्या खोलीत!"

"तुझी खोली तू वीस वर्षांपूर्वी सोडलीस. तेव्हा मी रडले होते, गांजा नव्हता लावला."

आता गांजा म्हटलं की माणसाच्या डोळ्यांसमोर काय काय येतं ते मला माहीत आहे. आमच्या घरात येतं ते मलम. मी त्याच कारखान्यात सव्वीस वर्षं क्रेन चालवली, वर केबिनमध्ये बसून दोन्ही हातांनी दांडे ओढले, आणि आता थंडीत बोटांचे सांधे असे धरतात की बरणीचं झाकण उघडत नाही. डुकराच्या चरबीत ही पानंफुलं मंद शिजवून गाळली की मलम होतं. माझी आई करायची, तिची आई करायची, आणि पूर्वी रानातल्या घरामागे टोमॅटोच्या आडोशाला प्रत्येकाची दोन झाडं असायचीच. ओताला मलमाखेरीज संध्याकाळी गॅलरीत एक विडी लागायची. पाठीसाठी, असं तो म्हणायचा. मी कधी त्याच्या पाठीला विचारायला गेले नाही. यंदा जानेवारीत कायद्यानं माणशी तीनची मुभा दिली, तेव्हा पठ्ठ्यानं टाय बांधला, रादानाच्या खोलीत सहा कुंड्या मांडल्या, वर दिवा टांगला आणि खिडकीचा पडदा सताड उघडून ठेवला. समोरच्या इमारतीला दिसू दे म्हणाला.

अडचण एकच होती. शुक्रवार. शुक्रवारी दुपारी आमची अख्खी इमारत रिकामी होते. सगळे आपापल्या रानातल्या, सुट्टीपुरत्या लाकडी घराकडे पळतात आणि रविवारी रात्री अंगाला धुराचा वास घेऊन परततात. कुंड्यांना पाणी घालायला शेजारणीला किल्ली द्यायची पद्धत आहे, पण आमची शेजारीण मायाळू. तिनं मायेनं पाणी घालून घालून ओताचं निवडुंग कुजवलं होतं. त्यामुळे ओतानं किल्ली दिली नाही, ठिबक बसवलं.

त्याचं ठिबक म्हणजे एक प्रकरण होतं. पाण्याची टाकी म्हणून आंघोळीचा टब. शुक्रवारी सकाळी तो काठोकाठ भरायचा, नळाच्या पाण्यातल्या औषधाचा वास उडून जाईपर्यंत तसाच ठेवायचा. पाणी शिळं होऊ नये म्हणून तळाशी बुडबुडे सोडणारा एक दगड. शेजारी छोटा पंप, पंपाच्या तोंडाला कचरा अडवायला माझा जुना नायलॉनचा मोजा. तिथून एक बारीक नळी भिंतीच्या कडेकडेनं व्हरांड्यातून रादानाच्या खोलीत, आणि पुढे प्रत्येक कुंडीत एक ड्रिपर खोचलेला. टायमर टिक करायचा, पंप गुरगुरायचा, सहाही कुंड्यांत थेंब थेंब पडायचे, मग सगळं गप्प. नळीवरच्या पहिल्या तीन कुंड्या माझ्या, शेवटच्या तीन त्याच्या. शेवटच्यांना पाणी कमी दाबानं पोचतं हे त्याला माहीत होतं. मी म्हटलं, एक तुझी एक माझी अशा लाव की. तर म्हणाला, "बायकांना आधी." शुक्रवार ते रविवार आम्ही टबात आंघोळ करू शकत नव्हतो आणि त्यावरून आमची भांडणं झाली आहेत, तेही सांगून टाकते.

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्यानं नवीन बी लावलं. उजव्या हातानं. महिनाअखेरीला तो हात गेला. मग ऑक्टोबरपासून मी आठवड्यातले निम्मे दिवस दवाखान्याच्या गावात, क्रेनवरच्या माझ्या जुन्या जोडीदारणीच्या सोफ्यावर काढायला लागले, कारण दवाखाना दोन गाड्या बदलून होता. मी नसताना घरात दिवा वेळेवर लागायचा, पाणी वेळेवर पडायचं. झाडं कमरेएवढी झाली, फुलं धरली. दर वेळी घरी येऊन मी ती खोली उघडायची आणि ओताला मनातल्या मनात म्हणायची, शाबास.

म्हणून रादाना "काढून टाक" म्हणाली तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती झाडं काढायची म्हणजे ओता परत येणार नाही असं मी स्वतःच्या हातांनी कबूल करायचं. ते मी करणार नव्हते. कायद्यानं सांगितलं तरी नाही आणि पोटच्या पोरीनं दोनदा सांगितलं तरी नाही.

एकवीस तारखेला मी दुपारच्या गाडीनं घरी गेले. बूट काढले, हात धुवायला न्हाणीघराचं दार उघडलं, तर टबातून माझ्याकडे कुणीतरी बघत होतं.

कार्प मासा. चांगला दांडगा, मिशावाला, गोल तोंड उघडमिट करणारा.

मी फोन केला. जावयानं उचलला. लुबोश मनानं चांगला आहे. काही माणसांच्या बाबतीत तेवढंच म्हणता येतं.

"लुबोश, माझ्या टबात मासा आहे."

"हो ना आई! कसा आहे? मुद्दाम मोठा घेतला. आमच्याकडे आता नुसता शॉवर, नाताळपर्यंत ठेवणार कुठे? रादानाकडची किल्ली घेतली आणि परवाच सोडला. काय पाणी खेळतंय त्याला!"

"टब भरलेला होता, तो कशासाठी असं वाटलं तुला?"

"माशासाठी! बाबांनी काय सोय केलीये, आई. बुडबुडे काय, पंप काय. मी रादानाला म्हटलंसुद्धा, बाबा आजारी पडण्याआधी नाताळच्या माशाची व्यवस्था लावून गेले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"ती माशाची व्यवस्था नाही, गाढवा!"

 मग हळूच म्हणाला, "मग कुणाची?"

खरं सांगायचं तर त्याला दोष देता येत नाही. नाताळच्या जेवणाचा कार्प आमच्याकडे जिवंत आणून टबातच ठेवतात, तेव्हा डिसेंबर महिना आणि भरलेला टब म्हटल्यावर इथं कुणीही मासाच सोडला असता. मीही सोडला असता. पण तेव्हा मला हे शहाणपण सुचलं नाही. मी फोन हातात तसाच धरून रादानाच्या खोलीकडे धावले.

माशानं मोजा ओढून काढला होता. त्याचे खवले आणि बुळबुळीत घाण पंपातून थेट नळीत गेली होती. माझ्या तीन कुंड्या जरा कोमेजल्या होत्या, पण उभ्या होत्या. ओताच्या तिन्ही पार मान टाकून बसल्या होत्या, पानं ओल्या रुमालासारखी लोंबत होती. माती बोटानं दाबली तर कडक. टायमर इमानेइतबारे टिक झाला, पंप गुरगुरला, आणि त्याच्या बाजूला एक थेंबही आला नाही.

फोनमधून अजून आवाज येत होता. आता रादाना होती.

"आई? ऐकलं मी लुबोशकडून. सॉरी. पण एक बोलू? बरंच झालं. आता काढूनच टाक. देवानंच सोडवलं."

"देवानं नाही, तुझ्या नवऱ्यानं. त्या दोघांत गल्लत करू नकोस, तुझा संसार अवघड होईल."

मी भांड्यानं सगळ्यांना पाणी घातलं. मग नळी तोंडात धरून फुंकली, आणि तोंडात जे आलं त्याचं वर्णन करत नाही. ड्रिपर काढायला गेले तर माझी बोटं चालेनात. एवढंसं टोपण, ते फिरवायचं की ओढायचं तेही कळेना. मी त्या खोलीत जमिनीवर बसले आणि रडले, रागानं रडले. माशावर, लुबोशवर, दोन जानेवारीवर. पंचेचाळीस वर्षं घरात काही बिघडलं की मी एकच वाक्य म्हणत आले होते: ओता, हे बघ जरा. दुसरं वाक्य मला येतच नव्हतं.

मग म्हटलं, येत नाही तर नाही. हेच म्हणू.

स्वयंपाकघरातल्या कात्रीनं मी त्याच्या बाजूची नळी कापली आणि तिन्ही ड्रिपरसकट प्लास्टिकच्या पिशवीत घातली.

बावीस तारखेला आश्रमाच्या बाई आल्या. वयानं लहान, बोलायला गोड, गळ्यात हातानं विणलेला स्कार्फ. त्यांच्यात मला खोट काढता आली नाही, आणि याचाही मला राग आला. रादाना पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. ओता उशांना टेकून बसला होता, दाढी मीच केली होती.

"ओताकारसाहेब," बाई वाकून, त्याचं पूर्ण नाव घेऊन म्हणाल्या, "आता कोणता महिना चालू आहे, सांगता येईल? हातानं दाखवलंत तरी चालेल."

ओता खिडकीबाहेर बघत राहिला.

"तुम्ही कुठे राहता, आठवतं का?"

"च्यायला," ओता म्हणाला.

बाईंनी काहीतरी लिहिलं. रादानानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे बघ, मी म्हटलं नव्हतं का. तिचे डोळे भरले होते. ती दुष्ट नाही, माझी पोर. तिला वाटत होतं की मी सांभाळता सांभाळता बापाला मारून टाकीन, आणि मागोमाग स्वतः मरीन.

"झाले तुमचे प्रश्न?" मी विचारलं. "आता माझा एक."

मी पिशवी त्याच्या पांघरुणावर उलटी केली.

माशाचा वास आला, असा आला की पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्यानं पेपर खाली केला. रादाना ओरडली, "आई! हे काय!"

"ओता, हे बघ जरा," मी म्हटलं.

त्यानं मान वळवली. आधी नळी बघितली. मग डावा हात सरकत सरकत आला आणि त्यानं एक ड्रिपर उचलला. नाकाशी नेला. कपाळाला आठ्या पडल्या. ड्रिपर दातांत धरला, हातानं अर्धा पिळा दिला, आणि ते टोपण, जे माझ्याच्यानं काल तासभर निघालं नव्हतं, ते सुटलं. पांघरुणावर झटकलं तसा आतून एक खवला पडला. ओतानं तो बोटाला चिकटवून उजेडात धरला, खूप वेळ.

मग त्याच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. आधी मला वाटलं, त्याला काहीतरी होतंय. तो हसत होता. सप्टेंबरनंतर पहिल्यांदा. त्यानं हात आडवा धरून माशासारखा हलवला, पांघरुणावरून पोहत पोहत नेला, आणि मग भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. कोणी?

"तुझ्या जावयानं," मी म्हटलं.

"च्यायला!" ओता म्हणाला, आणि त्याला हसता हसता ठसका लागला.

मी त्याला पाणी पाजलं. त्यानं तोंड पुसलं, पिशवी झटकून आत बघितलं, रिकामी. पुढ्यातले ड्रिपर बोटानं मोजले. तीन. मग स्वतःच्या छातीवर हात आपटला आणि हसू गेलं. माझी?

"हो. तुझी. माझ्या उभ्या आहेत. तुझ्या मान टाकून आहेत. जगतील की नाही ते मला सांगता येत नाही, तू येऊन बघ."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "मला वाटतं," त्या म्हणाल्या, "यांच्याशी पुन्हा एकदा बोलायला हवं. सुट्ट्यांनंतर."

"पण पलंग दोन तारखेला आहे," रादाना म्हणाली. "आई, हसले म्हणजे घरी राहता येतं असं नसतं! रात्री त्यांना संडासला कोण नेणार? तू? बरणीचं झाकण उघडत नाही तुला! ते पडले तर? उचलशील?"

"नाही उचलता येणार," मी म्हटलं.

"मग?"

"मग दोघं जमिनीवर बसून राहू आणि कुणीतरी येईपर्यंत भांडू."

बोलले खरी, पण ती चुकीचं बोलत नव्हती. मला भीती वाटत होती. पण भीती वाटते म्हणून माणूस देऊन टाकायचा असतो का? क्रेनवर चढायची मला पहिली दोन वर्षं रोज भीती वाटायची. रोज चढायचे.

मी डॉक्टरणीकडे गेले आणि म्हटलं, नवऱ्याला माझ्या सहीवर घरी न्यायचंय. आमच्याकडे तशी सोय असते, डॉक्टर नको म्हणत असताना आपण सही करायची आणि माणूस घेऊन जायचा. तिनं समजावलं. सणापुरतं ठीक आहे, पण नंतर? सगळी जबाबदारी तुमची असेल, बाई.

"पंचेचाळीस वर्षं माझीच आहे. आजवर कुणी कागद मागितला नव्हता एवढंच."

ती थोडं हसली. मग घरी येऊन हातपाय हलवून घेणाऱ्या एका माणसाचा नंबर तिनं मला लिहून दिला आणि न्हाणीघरात कुठे कुठे दांडे बसवायचे ते चित्र काढून दाखवलं. तिचे आभार मानायला मी विसरले. आता मानते.

रादाना दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पण तेवीस तारखेला सकाळी गाडी घेऊन दवाखान्याच्या दाराशी हजर होती, आणि लुबोशही. आमच्या इमारतीची लिफ्ट मजल्याच्या अर्ध्यावर थांबते, पुढे जिना. लुबोशनं आणि वरच्या मजल्यावरच्या एका शेजाऱ्यानं ओताला खुर्चीत बसवून उचललं. ओता सगळ्या पायऱ्यांवर शिव्या देत होता, म्हणजे एकच शिवी. डावीकडे, हळू, भिंत, भिंत! शेजाऱ्याला सगळं समजत होतं. मासा मी आदल्या संध्याकाळीच घरी जाऊन मारून ठेवला होता. एरवी ते काम ओताचं, पण मला टब रिकामा हवा होता आणि माझा रागही ताजा होता.

त्याला पलंगावर निजवायला निघालो, तर त्यानं डावा पाय दारात रोवला आणि रादानाच्या खोलीकडे बोट केलं.

तिच्या जुन्या पलंगावर त्याला बसवलं, कुंड्यांच्या समोर. दिव्याखाली सहाही कुंड्या ओळीनं. पाणी घातल्यानंतर त्याच्या दोघींनी मान वर केली होती. तिसरी, अगदी शेवटची, तशीच होती. पानं करकरीत सुकलेली.

ओता पुढे वाकला. मी मागून त्याचा सदरा घट्ट धरला. त्यानं शेवटच्या झाडाचं खोड दोन बोटांत धरलं, नखानं जरासं खरवडलं, आत बघितलं. खाली तपकिरी. त्यानं मान हलवली आणि एका हिसक्यात ते झाड मुळासकट उपटून माझ्या पायाशी टाकलं.

 मग रादाना हलक्या आवाजात म्हणाली, "बघ आई. बाबांनाच कळतंय. गेलं ते गेलं." तिचा आवाज इतका मऊ झाला होता की मला तिची दया आली. "मी ही कुंडी उचलते. बाकीच्या दोन नंतर बघू."

तिनं कुंडीला हात घातला. ओतानं तिच्या हाताशेजारी आपला हात कुंडीच्या काठावर ठेवला आणि धरून ठेवली. तिनं ओढली. कुंडी हलली नाही. एका हातानं, तीन महिने पलंगावर पडलेल्या माणसानं, अशी धरली होती.

"बाबा, सोडा ना."

त्यानं हनुवटीनं खिडकीकडे खूण केली. मला कळलं. खिडकीखालच्या खणात त्याची बियांची काडेपेटी असते. मी काढून त्याच्या मांडीवर ठेवली. लुबोश लगेच पुढे झाला, "थांबा बाबा, मी उघडतो."

"हात लावशील तर बघ," मी म्हटलं. "त्याला करू दे."

अंगठ्यानं पेटी सरकवायला त्याला बराच वेळ लागला. पहिलं बी बोटांतून निसटलं. लुबोश बिचारा सतरंजीवर चार पायांवर होऊन शोधायला लागला आणि सापडलं तेव्हा मासा पकडल्यासारखा ओरडला. ओतानं बोटानं मातीत भोक पाडलं. बी टाकलं. माती वरून ओढून घेतली, तळव्यानं थापटली. मग माझ्याकडे हात पुढे केला. मी धुतलेला ड्रिपर त्यात ठेवला, आणि तो त्यानं कुंडीत खोचला. एकदा वाकडा गेला, काढला, पुन्हा खोचला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. मी त्याचा सदरा आणखी घट्ट धरला.

रादाना खाली जमिनीवर बसली, जिथे लहानपणी तिची खेळणी असायची तिथे. तिचं डोकं आता त्याच्या गुडघ्यापाशी होतं. आजवर तीन महिने ती जे काही बोलली ते माझ्याशी, त्याच्याबद्दल. आता पहिल्यांदा ती त्याच्या तोंडाकडे बघून बोलली.

"बाबा, दोन जानेवारीला तिकडे तुमची जागा आहे. चांगली जागा आहे, मी स्वतः बघितलीय. हे आत्ता लावलंत, हे तयार कधी होणार? माहितीये का तुम्हाला?"

ओतानं तिच्याकडे बघितलं. लहानपणी तिनं सात आठे चुकवले की तो असाच बघायचा.

मग त्यानं डावा हात वर केला. पाची बोटं उघडी. अंगठा काही केल्या मिटेना. त्यानं तो छातीवर दाबला, दाबून आत वळवला, आणि हात पुन्हा तिच्यापुढे धरला. मातीनं माखलेली चार बोटं.

चार महिने.

रादानानं ती बोटं एकेक करून बघितली. तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडणार असं मला वाटलं, पण ती रडली नाही. उठली, स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि कुंड्यांसाठी टब काठोकाठ भरायला गेली.